परवाना कोणास आणि कोठवर?

चाकण, सातपूर, इचलकरंजी अशा ठिकाणच्या मध्यम प्रतीच्या कारखानदारांचे जमाखर्च, मालाच्या याद्या आणि पगारपत्रके गेल्या काही वर्षांत कचेरीतील कपाटांतून कचेरीतील सर्व्हरवर, आणि तेथून, २०१५-१६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांनी मुंबई-पुण्याकडे क्लाउडची केंद्रे उघडल्यानंतर, हळूहळू त्या केंद्रांत जाऊन बसली. आणि हे स्थलांतर इतक्या निमूटपणे झाले की, ज्या दफ्तराच्या किल्ल्या पूर्वी मालकाच्या गल्ल्यात असत, त्या दफ्तरापर्यंत आता कोण, कोठून आणि कोणाच्या अनुज्ञेने पोहोचतो, हे विचारण्याचे भान बहुतेकांस राहिले नाही. हा प्रश्न निघतो तो व्हीपीएन विकणारा दरपत्रक घेऊन समोर बसल्यावर, आणि तेव्हा बोलणे होते ते माणशी दराचे, वेगाचे व तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास मिळणाऱ्या सवलतीचे. खरेदीखत किंवा मुखत्यारपत्र ओळ न् ओळ वाचल्यावाचून सही न करणारा मालक, आपल्या साऱ्या दफ्तरात शिरण्याचा परवाना कोणास आणि कोठवर द्यावयाचा, हा निर्णय मात्र संगणकवाल्याच्या हवाली करून मोकळा होतो, हे मला विलक्षण वाटते.

या बेफिकिरीचे मोल काय पडते, हे अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीने २०२१ च्या मे महिन्यात दाखवून दिले. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यास लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन वाहून नेणारी ही नळवाहिनी खंडणीखोरांच्या हल्ल्यामुळे पाच-सहा दिवस बंद राहिली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर, चोरांच्या हाती मोजले, ज्यांपैकी बराचसा भाग सरकारने पुढे परत मिळवला हा भाग निराळा. चोर आत शिरले ते वापरातून गेलेल्या, परंतु कोणी रद्द न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्यास पासवर्डापलीकडे दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती. भारी यंत्रसामग्रीचा तेथे तुटवडा होता असे कोणी म्हणणार नाही. दिलेला परवाना परत घेण्याची वहिवाट तेवढी नव्हती.

व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधून काढलेला कूटबद्ध बोगदा. परंतु व्यवसायात त्याची कामे दोन आहेत आणि विक्रेत्यांच्या भाषेत ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. पहिले काम म्हणजे कारखाना किंवा शाखा क्लाउडशी कायमची जोडणे, आणि येथे फारशी मसलत करण्याचे कारण नाही: क्लाउड कंपनीचेच प्रवेशद्वार आयपीसेक पद्धतीने वापरावे, हे उत्तम. ॲमेझॉन अशा प्रत्येक जोडणीस दोन बोगदे देते, ते एकाची देखभाल चालू असता दुसऱ्याने काम चालावे म्हणून. पण पहिला सुरू होताच सर्वांचा जीव भांड्यात पडून दुसरा जोडावयाचा राहून जातो, आणि मग ऐन महिनाअखेरीस बिले निघेनाशी होतात. याहूनही क्षुल्लक आणि याहूनही छळणारी गोष्ट पत्त्यांची आहे. कारखान्यात, शाखेत आणि हिशेबनिसाच्या घरी राउटर बसवणाऱ्याने तो बनवणाऱ्या कंपनीची मूळ मांडणी तशीच ठेवल्यामुळे सर्वत्र १९२.१६८.१ हीच मालिका नांदत असते, आणि दोन टोकांस एकच पत्ता असल्यावर निरोप कोणाकडे न्यावा हे त्या बिचाऱ्या बोगद्यास कळण्याचा मार्ग उरत नाही. जोडणीपूर्वी पत्त्यांची फेरमांडणी करण्यास कोणी तयार नसतो, कारण त्यात कोणालाच दलाली नाही.

दुसरे काम माणसांना आत घेण्याचे, आणि खरी निवड येथे आहे. जुन्या पद्धतीत कचेरीतील फायरवॉलच्या पेटीवरच व्हीपीएन चालते. देवडीवर एकदा ओळख पटली की वाड्यातील सारे चौक खुले, असा हा कारभार. त्यात दोन दोष आहेत. कोल्हापूरच्या विक्री प्रतिनिधीस मुंबईच्या क्लाउडमधील एक यादी पाहावयाची असता त्याची विनंती आधी चाकणच्या पेटीत जाते आणि मग मुंबईस, हा द्राविडी प्राणायाम त्यांतला लहान दोष. मोठा दोष असा की, सर्व जगास दिसणारी ही पेटीच चोरांचे पहिले लक्ष्य ठरते. २०२४ च्या जानेवारीअखेर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा खात्याने आपल्या नागरी सरकारी कचेऱ्यांना इव्हान्टी कंपनीची व्हीपीएन उपकरणे ४८ तासांच्या आत जाळ्यातून तोडून टाकण्याचे फर्मान काढले होते. ज्या कारखान्यात अशी पेटी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर नाही, त्याने ती पेटी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग ती सवलतीत मिळो की फुकट.

या जुन्या पद्धतीस पर्याय आहे. २००९ मध्ये आपल्यावर झालेल्या सायबर हल्ल्यानंतर गुगलने स्वतःपुरता जो मार्ग पत्करला, तो आता लहानांच्याही आवाक्यात आला आहे: माणूस जाळ्याच्या आत आहे की बाहेर, याला महत्त्व न देता प्रत्येक वेळी त्याची ओळख व त्याच्या यंत्राची स्थिती तपासावी आणि त्याला लागणारे तेवढेच एक दालन उघडावे. हिशेबनिसास हिशेबाचे, प्रतिनिधीस मालसाठ्याचे. यात सोय अशी की, माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचे कंपनीतील ईमेल खाते बंद झाले की, दालनांची परवानगी त्या खात्यावरच बेतलेली असल्याने सारे परवाने एकाच हुकुमाने रद्द होतात. कंपनीत जाणता तंत्रज्ञ असेल तर वायरगार्ड या व्हीपीएन व्यवस्थेचाही विचार अवश्य व्हावा. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली ही व्यवस्था अवघ्या काही हजार ओळींची, म्हणून तपासण्यास सुकर. मात्र खाती, पासवर्डापलीकडची पडताळणी आणि नोंदी यांचा बंदोबस्त तिच्यात आयता मिळत नाही. तो स्वतः उभारावा लागतो किंवा तिच्यावर बेतलेली सशुल्क सेवा घ्यावी लागते.

आता कायद्याविषयी. सर्ट-इन या भारत सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांमुळे पुष्कळांचा गैरसमज झाला. ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याची सक्ती जनतेस व्हीपीएन विकणाऱ्यांवर होती, आणि तीमुळेच काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले. स्वतःच्या नोकरांसाठी व्हीपीएन चालवणाऱ्या संस्थांना ते कलम लागू नाही, असा खुलासा सर्ट-इननेच केला. परंतु यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस राखणे आणि हल्ला उघडकीस आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला वर्दी देणे, यांतून कंपनी लहान आहे म्हणून सूट मिळत नाही. पुष्कळ उपकरणांत नोंदी जागा भरताच आपोआप पुसल्या जातात, आणि त्या अन्यत्र साठवण्याचे मोल दरपत्रकात सहसा धरलेले नसते. विक्रेत्याकडून ते लेखी मागून घ्यावे, आणि त्याच कागदावर, रविवारी रात्री वर्दी देण्याची पाळी आली तर त्याच्याकडील कोणता माणूस त्या नोंदी काढून देईल, त्याचेही नाव घालून घ्यावे.