रश्श्याचा हिशेब

कोल्हापुरात मिसळीच्या गाड्यापासून लॉजपर्यंत क्यूआर कोड पोहोचला. बिलाचं यंत्रही आलं. पण नुसतं बिलच छापणार असेल, तर तो महागडा टाइपरायटर. थाळीमागे मटण किती, हे सॉफ्टवेअर सांगतं. तांबडा-पांढरा रस्सा मात्र आपण गिऱ्हाईक मागेल तितका वाढतो, आणि तो बिलात कुठेच उमटत नाही! खरा खर्च तिथेच मुरतो. म्हणून रोजचा रस्सा पातेल्यांत मोजून नोंदवा. वार, सण, नवरात्रातली गर्दी यांच्याशी ताडून पाहा.

खानपानाच्या अ‍ॅपचं दुखणं निराळं. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातल्या अनेक रेस्टॉरंटांनी अशा अ‍ॅपच्या सवलत योजनांतून बाहेर पडण्याची ‘लॉगआउट’ मोहीम काढली. भांडण सवलतींचं, पण गिऱ्हाइकाची माहिती कुणाची, हाही प्रश्न होताच. तो या अंकात मांडला आहे.