सुपारी कोणाची ?

ज्या वर्गाच्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्या वर्गास (आणि त्यांत आम्हीही आलोंच) गाण्याच्या जलशाचें तिकीट पैसे देऊन घेणें थोडेंसें कमीपणाचें वाटतें, असें म्हटल्यास वाचकांनीं रागावूं नये. डॉक्टरची फी, मुलांच्या शिकवण्या, हॉटेलांतलें जेवण यांचे पैसे मोजतांना आमचा हात आखडत नाहीं. परंतु जलशाची जाहिरात दिसली कीं आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘पास कोणाकडे मिळेल?’ हा. पास मिळविणारा मनुष्य चार लोकांत वजनदार ठरतो, आणि रांगेंत उभा राहून तिकीट काढणारा बिचारा कोणाच्याच ओळखीचा नसलेला. या संवयीचा शेवट कोठें होतो, हें पुण्यामुंबईंत राहून आम्हांस कळलें नव्हतें. तें शेणव्यास गेल्यावर कळलें.

शेणवा हें ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील गांव. आमच्या धाकट्या भगिनीचें सासर तिकडचें. गेल्या चैत्रांत कांहीं घरगुती कामासाठीं तिकडे जाणें झालें, आणि जवळच्याच एका गांवची यात्रा त्याच दिवशीं असल्यामुळें रात्रीं भाच्याबरोबर आम्ही तेथें गेलों. बऱ्याच वर्षांपूर्वीं या यात्रेंत आम्हीं तमाशा पाहिलेला होता. फड घाटावरून येई. मुरबाडावरून माळशेज घाट चढून गेलें कीं जुन्नर तालुका लागतो, आणि त्यांत नारायणगांव. तेथें पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे कारभारी येऊन आपापल्या यात्रेची सुपारी देऊन जातात. सुपारी म्हणजे काय, हें शहरी वाचकांस सांगणें अवश्य आहे, कारण चित्रपटांनीं आणि वर्तमानपत्रांनीं त्या शब्दाला खुनाचा वास लावून ठेवला आहे. कारभारी राहुटींत बसतो, फडांत कोण कोण आहे, ढोलकीला कोण, वग कोणता लावणार, याची बारीक चौकशी करतो, घासाघीस होते, विसार देऊन तारीख पक्की होते. या सौद्याकडे आमच्यासारखे लोक नाक मुरडून पाहतात. पण त्यांतला पैसा कोठून येतो तें पाहावें. घरटी पट्टी बसते, पावत्या फाडल्या जातात, मुंबईस नोकरीला गेलेल्यांकडूनही वसुली होते. म्हणून रात्रीं वग रंगला नाहीं तर उठून ओरडण्याचा अधिकार शेवटच्या रांगेंतल्या गुराख्यालाही असतो, आणि तो अधिकार तो मोकळ्या मनानें बजावतो.

फडाचा धंदा धुतल्या तांदळासारखा आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. मालक सावकाराकडून उचल घेतो, कलावंत मालकाकडून घेतात, आणि दोघेही पुढल्या हंगामापर्यंत तिच्याखालीं वांकलेले असतात. फडांतल्या स्त्रियांना काय सोसावें लागतें, तें निराळेंच. तरी तेथें गिऱ्हाईक कोण आणि माल कोणता, याविषयीं कोणाच्या मनांत घोटाळा नसतो.

या वर्षीं तो घोटाळा झाला. यात्रेंत तमाशा नव्हता. शहरांतून आणलेला एक ऑर्केस्ट्रा होता, आणि रंगमंचाच्या कपाळावर देवाच्या नांवापेक्षां मोठ्या अक्षरांत जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्या एका मंडळीचें नांव होतें. समृद्धी महामार्ग या तालुक्यांतून जातो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्यें खुला झाला, आणि तेव्हांपासून येथें ज्याच्या त्याच्या तोंडीं गुंठ्याचा भाव आहे. मंडपाच्या तोंडाशीं एक टेबल मांडलें होतें. तेथें आपलें नांव, फोनचा नंबर आणि जमीन असल्यास गटनंबर लिहून दिला कीं खुर्चीची चिठ्ठी मिळे. चिठ्ठी न घेणाऱ्यानें कुंपणाबाहेर उभें राहावें. आरंभीं दरवर्षीं होणारें गांवचें भजन दहा मिनिटांत आटोपावयास लावलें. मग चार गाण्यांनंतर त्या मंडळीचे एक गृहस्थ ध्वनिक्षेपक घेऊन उभे राहिले, ते अर्धा तास खालीं बसले नाहींत. २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणें रात्रीं दहाला कर्णा बंद करावा लागतो. वर्षांतून मोजक्या दिवशीं बारापर्यंत सवलत मिळते. म्हणजे हा अर्धा तास गाण्याच्याच अंगांतून कापून घेतलेला. ज्या तालुक्यांतील भातसा-तानसाचें पाणी मुंबईस जातें आणि ज्याच्या पाड्यांवर वैशाखांत टँकर फिरतात, तेथील लोकांस दुसऱ्याच्या सोयीसाठीं आपलें कांहीं जाणें नवीन नाहीं. पण यात्राही जाईल असें त्यांस वाटलें नसावें.

भाचा यात्रेच्या कमिटींत आहे. त्याला आम्हीं जरा कठोरपणेंच विचारलें कीं हें काय केलेंत. तो म्हणाला, “मामा, वर्गणीसाठी दारोदार हिंडायचं, पावत्या फाडायच्या आणि वर शिव्या खायच्या. यांनी सगळं फुकट दिलं.” आम्हीं त्या टेबलाकडे बोट दाखवून म्हटलें कीं फुकट कसलें, गांवचे गटनंबर त्या वहींत चालले आहेत. तो थोडा गप्प राहिला आणि म्हणाला, “ते खरं आहे. पण रागावू नका मामा, तुम्ही तरी पुण्याला गाणं ऐकायला तिकीट काढून जाता का?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. गेलीं कित्येक वर्षें आम्ही पुढच्या रांगेंत बसतों तें एका ओळखीच्या गृहस्थांच्या पासावर, आणि तो पास ज्या धंद्याकडून येतो त्याच्या जाहिराती दोन रागांच्या मध्यें मुकाट्यानें पाहतों. त्या टेबलावर आम्हींही आपली वही भरून दिलेलीच आहे. फक्त आमची खुर्ची मऊ असते.

यावर एक उत्तर नेहमीं ऐकूं येतें कीं पूर्वीं राजेमहाराजे आश्रय देत, आतां प्रायोजक देतात, एवढाच फरक. हें साफ खोटें आहे. शाहू महाराजांनीं अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरांत आश्रय दिला तो त्यांचें गाणें हवें होतें म्हणून. दरबारांत बसलेल्या माणसांस काय विकतां येईल याचा हिशेब त्या आश्रयांत नव्हता. आणि राजाश्रय पुरेसा नाहीं हेंही गाणाऱ्यांनींच प्रथम ओळखलें. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें तें लोकांच्या पैशावर, आणि तिकीट लावून जलसे करण्याची लाज त्यांनीं बाळगली नाहीं. सवाई गंधर्व १९५२ सालीं वारले. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनीं १९५३ पासून पुण्यास जो उत्सव चालविला, तो एवढा वाढला याचें श्रेय गाणाऱ्यांच्या जोडीला सतरंजीवर मांडी ठोकून बसणाऱ्या तिकीटवाल्या श्रोत्यास द्यावें लागेल. तो श्रोता घरून डबा आणी, आणि न आवडलेल्या गाण्याच्या वेळीं खुशाल चहास उठून जाई. गाणारे त्याला भीत असत.

दुसरें उत्तर असें कीं तिकिटें आतां परवडत नाहींत. याच ठाणें जिल्ह्यांत, नव्या मुंबईस नेरूळच्या क्रीडांगणावर जानेवारी २०२५ मध्यें कोल्डप्ले या इंग्रज मंडळीचे तीन जलसे झाले. तिकिटें हां हां म्हणतां संपलीं, आणि मग तींच दलालांकडे अनेक पटींनीं विकावयास आलीं. ही लूट होती यांत शंका नाहीं. परंतु ती लूट हसतमुखानें सोसणारांत आमच्याच घरचे चिरंजीव होते, आणि त्यांना पैसे देणारे आम्हीच होतों. तेव्हां ऐपतीची सबब निदान आम्हीं तरी सांगूं नये. शेणव्याकडचा भातशेती करणारा माणूस ती सांगता तर शोभलें असतें. पण तो पावती फाडीत आला आहे. प्रायोजकाच्या पैशानें मंडप मोठा होतो, दिवे वाढतात, पाहुण्या कलावंताचें मानधन सुटतें, हें आम्हांस मान्य आहे. मात्र मंडप कितीही मोठा झाला तरी त्यांत काय गावें आणि कोणी किती वेळ गावें हें ठरविणारा माणूस त्यांत ऐकावयास आलेला नसतो.

परवां भाच्याचा फोन आला. पुढल्या वर्षीं पाडव्यास नारायणगांवीं जावें असें कमिटींत निघालें आहे. दोघातिघांचा विरोध आहे, पण पावतीपुस्तकें छापावयास दिलीं आहेत. पहिली पावती कोणाच्या नांवें फाडूं, असें तो विचारीत होता. आम्हीं रक्कम विचारली. पट्टी सर्वांस सारखी आहे आणि मामांना सवलत नाहीं, असें त्यानें सांगितलें.