छायाचित्राची साक्ष

दागेरची छायाचित्रणाची कृती १८३९ साली जाहीर झाली तेव्हापासून, चित्रकाराच्या हातून रोगाचे रूप कागदावर उतरताना त्यात थोडीबहुत कल्पना मिसळतेच, अशी तक्रार असलेल्या वैद्यकाला या निर्विकार साक्षीदाराचा मोह पडला. आणि लंडनमध्ये बालमानो स्क्वायर यांनी १८६५ त व पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात आर्दी व मोंमेजा यांनी १८६८ त त्वचारोगांचे छायाचित्रसंग्रह काढले, तेव्हा चित्रकाराची सद्दी संपली असे कित्येकांना वाटले असल्यास नवल नाही.

पण या संग्रहांतील छायाचित्रे हाताने रंगविलेली आहेत! त्या काळी छायाचित्रासाठी वापरीत त्या कलोडियनचा लेप दिलेल्या काचेला निळा प्रकाश कळे, तांबडा कळत नसे. परिणामी निदानाचा जो मुख्य आधार, तो लालिमा काळसर उमटे, आणि ताजे पुरळ कोणते व जुन्या व्रणाचा काळवंडलेला डाग कोणता, याचा उलगडा नुसत्या छापावरून होणे कठीण. ज्या हाताला रजा द्यावी म्हणून यंत्र आणले, त्याच हाताची सही शेवटी या दाखल्यावर घ्यावी लागली. व्हिएन्नाच्या हेब्रा या त्वचारोगवैद्याने १८५६ ते १८७६ या अवधीत आपला थोर चित्रसंग्रह एल्फिंगर व हाइट्समान या चित्रकारांकडूनच सिद्ध करविला, त्यात जुनाटपणा पाहणे आम्हांस अन्यायाचे वाटते. खुद्द सेंट लुईमध्येही बारेता हा कारागीर, जो पूर्वी कागदाच्या लगद्याची फळे बनवीत असे, रुग्णांच्या अंगावरून साचे घेऊन मेणाच्या रंगीत प्रतिकृती घडवीत होता, आणि विद्यार्थी त्यांवरून शिकत होते.

आज रंगाची ती अडचण उरली नाही, असे मानणाऱ्यांनी सावळ्या त्वचेवरचा लालिमा पिवळ्या दिव्याखाली टिपून पाहावा. तो जांभळट-तपकिरी दिसतो, कधी दिसतही नाही. आणि गोऱ्या त्वचेवर बेतलेले युरोपीय संग्रह त्या कामी आपल्याला फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणजे आपल्या रुग्णांचे दप्तर आपणच राखले पाहिजे.

सबब, या मासिकाकडे छायाचित्रे पाठविणाऱ्या चिकित्सकांना आमची विनंती आहे: चित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे, विकृतीशेजारी मोजपट्टी ठेवावी, बोटाने दाबल्यावर डाग फिका पडतो की नाही हे सोबतच्या मजकुरात लिहावे, आणि रुग्णाची लेखी संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी. डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने माणूस अनोळखी होत नाही, आणि तेवढ्यावर भागविलेली चित्रे यापुढे छापली जाणार नाहीत.