टाकी किती वर्षे टिकेल?

मावळात इंदुरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चार माणसे दगावली. पुलावर गर्दी फार होती आणि पूल गंजलेलाही होता. पूल पडला की बातमी होते. पण हाच गंज गोठ्यामागच्या गोबर गॅसची टाकी खातो, त्याची दखल कोण घेतो?

खादी व ग्रामोद्योग आयोगाने गावोगावी नेलेले संयंत्र तुम्ही पाहिले असेल. शेणकाल्याच्या विहिरीवर एक पालथी लोखंडी टाकी तरंगते. गॅस साठला की ती वर येते, वापरला की खाली बसते. या गॅसमधला मिथेन लोखंडाच्या वाटेला जात नाही. खरा खोडकर हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास याचाच. प्रमाण थोडे, पण ओलाव्यात मिसळला की तो पत्रा कुरतडू लागतो. बाहेरून हवा आणि पाणी आहेतच. टाकीचा जो पट्टा कधी काल्यात बुडतो, कधी उघडा पडतो, तो फार झिजतो. दरवर्षी रंग द्या, असे सांगतात. पण ती अवजड टाकी उचलून, घासून रंगवायची म्हणजे चार माणसे हवीत आणि तोवर घरात चूल पेटवायची! साहजिकच ते काम राहून जाते.

मग लोखंड टाळावे का? १९८४ च्या ‘दीनबंधू’ संयंत्रात विटांचा घुमट असतो. तो गंजत नाही, पण गवंडी कच्चा असला तर तडे जाऊन गॅस गळतो. काचतंतूंची टाकीही गंजत नाही, मात्र हलकी असल्याने दाबासाठी तिच्यावर वजन ठेवावे लागते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने तर पाणी साठवण्याच्या प्लास्टिक टाक्यांपासून घरगुती संयंत्र बनवले. त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

यांपैकी काहीही निवडा, पण ‘किती संयंत्रे बांधली’ एवढीच मोजणी मला पुरेशी वाटत नाही. पाच वर्षांनी त्यांतली किती चालू आहेत, हेही मोजावे आणि अनुदानाचा काही भाग तेव्हाच द्यावा. स्वस्त टाकी फुटली की घरची बाई पुन्हा सरपणाला निघते, आणि ‘गोबर गॅस काही चालत नाही’ असे गावभर होते. दोष गॅसचा नसतो, पत्र्याचा असतो.