रानफुले पावसाळ्यातच मोजा

घोडबंदर रोडच्या कडेला येऊरचे जंगल आहे आणि त्याच डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा जाणार आहे. त्यामुळे इथल्या दुर्मीळ रानफुलांची स्थिती तपासणे आता लांबवता येणार नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांनुसार एखाद्या जातीची प्रौढ रोपे 50 पेक्षा कमी उरली, तर ती अतिसंकटग्रस्त ठरते. पण ती मोजायची कधी? कंदीलपुष्पे, जमिनीवरच्या आमरी पावसाळ्यात काही आठवडेच दिसतात. पुढे फक्त कंद मातीखाली उरतो. एप्रिलमध्ये पाहणी करणाऱ्याला तिथे मोकळा उतारच दिसेल, आणि कागदावर ‘काही आढळले नाही’ असे उमटेल. आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीसाठी गर्दी लोटते, या छोट्या रोपांसाठी कोणी थांबत नाही. राज्याचा 1975 चा वृक्षसंरक्षण कायदाही फक्त झाडांचा. वीतभर रोपाला त्याचे संरक्षण नाही. तुलनेसाठी थिओडोर कुक यांची 1901 ते 1908 दरम्यानची, ठिकाणांसह नोंदलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची हाताशी आहे. वनविभाग आणि महापालिकेने जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला पाहणी करावी, येऊरच्या पाड्यांवरील कंद ओळखणाऱ्या जाणत्यांना मानधन देऊन सोबत घ्यावे आणि निष्कर्ष लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवावेत.