उंबरठ्यावर अडवलेली ती

हाजीअली दर्ग्याकडे जाणारी समुद्रातील वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. ओहोटीची वेळ साधून मुंबईच्या स्त्रिया, मुसलमान तशाच अन्यधर्मीयही, वर्षानुवर्षे त्या वाटेने गेल्या आणि थेट मजारीपाशी उभ्या राहून त्यांनी मन्नत मागितली. २०१२ च्या सुमारास मात्र आतल्या दालनाच्या उंबरठ्यावर त्यांना अडवले जाऊ लागले. पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रीने जाणे हे इस्लामप्रमाणे घोर पाप होय, पूर्वी ही गोष्ट आपल्या ध्यानात आली नव्हती, असा दर्गा ट्रस्टचा खुलासा होता. मजारीवर वाकणाऱ्या स्त्रियांच्या पोलक्यांचे गळे रुंद असतात, हेही एक कारण गांभीर्याने मांडण्यात आले. इतकी वर्षे न दिसलेले पाप एकाएकी दिसू लागावे, आणि ते पोलक्याच्या गळ्यापाशी सापडावे, हा योगायोग मोठा बोलका म्हटला पाहिजे.

भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज व झकिया सोमण यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. राज्यघटनेच्या १४, १५ व २५ या अनुच्छेदांचा भंग होतो म्हणून न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी ही बंदी रद्द ठरवली. ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली खरी. परंतु ऑक्टोबरमध्ये स्वतःच प्रवेश देण्याचे मान्य केले, आणि नोव्हेंबरअखेर स्त्रिया पुन्हा मजारीपाशी गेल्या. या निकालाचा कायदेशीर ऊहापोह पुष्कळ झाला. त्या स्त्रिया न्यायालयाची पायरी कशासाठी चढल्या, याकडे त्या मानाने फार थोड्यांचे लक्ष गेले. त्यांना दुवा मागायची होती. श्रद्धेच्या जागी पोहोचण्यासाठी त्यांनी राज्यघटनेचा हात धरला होता.

नेमकी हीच गोष्ट मुस्लिम स्त्रीच्या वतीने बोलणाऱ्या दोन्ही पक्षांच्या पचनी पडत नाही. न्यायालयात गेली ती धर्माबाहेर गेली, असे एक पक्ष म्हणतो. कुराणाचा दाखला देते त्या अर्थी ती अजून मुक्त झालेलीच नाही, असे दुसऱ्याला वाटते. महाराष्ट्राने या स्त्रीची दोन्ही रूपे पाहिली आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करावे, समान नागरी कायदा व्हावा, ही मागणी निखळ नागरिकत्वाच्या भाषेत होती. अर्धशतकानंतर महिला आंदोलनाने तोच तलाक कुराणाच्या आधारे नाकारला. मार्ग भिन्न होते. पण एका शब्दासरशी घराबाहेर काढले जाण्याची भीती दोहोंमागे सारखीच होती.

ती भीती पोटाची आहे. इंदूरच्या शाहबानोंना दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैशांवर नेली. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क उचलून धरला, आणि त्याच वर्षी समाजाच्या दडपणाखाली त्या वृद्धेने निकाल नाकारणाऱ्या जाहीर पत्रावर अंगठा उठवला. १९८६ चा कायदा पुढे आला, तेव्हा तिचे मत कुणाला हवे होते? मुस्लिम घटस्फोटितेलाही पोटगीच्या सर्वसाधारण कलमाचा आधार घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाला १० जुलै २०२४ रोजी पुन्हा सांगावे लागले.

२०१९ च्या कायद्याची कथा याहून उलटी, पण रीत तीच. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये अवैध ठरवला होता. त्यावर संसदेने पतीला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. काही मुस्लिम स्त्रियांनी तिचे स्वागत केले. बेबाक कलेक्टिव्हसारख्या गटांनी शिक्षेला विरोध केला: तलाकच अवैध असेल तर विवाह कायम आहे, मग नवरा तुरुंगात गेल्यावर घर कुणी चालवायचे? प्रश्न रोखठोक व्यवहाराचा होता. पण तो विचारणाऱ्या स्त्रीला मुल्लामौलवींची वकील ठरवून मोकळे होणे अनेकांना सोयीचे वाटले.

हाजीअलीच्या वेळी ज्या २५ व्या अनुच्छेदाचे कौतुक झाले, त्याच्याच आधारे २०२२ मध्ये उडुपीच्या विद्यार्थिनींनी डोक्यावरील ओढणीसह वर्गात बसू देण्याची मागणी केली. या वेळी मात्र मुली कुणीतरी पढवलेल्या असल्याचे सांगण्यात आले. बुरख्याची सक्ती अनेक घरांत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि सक्तीचा उपाय म्हणून मुलीलाच फाटकाबाहेर उभे करायचे, हा न्याय अजब आहे. ओढणी ठेवावी की काढावी याचा विचार ती जिथे शिकली असती ती जागाच त्यामुळे तिला बंद होते. दर्ग्यात अंग पुरेसे झाकलेले नाही म्हणून अडवले, महाविद्यालयात अधिक झाकलेले आहे म्हणून. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्चमध्ये मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद होऊन प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले. तोवर कित्येकींची वार्षिक परीक्षा हुकली होती.