भुशाचे बिल कोणाच्या नावे?

१/ वखारीतला भुसा शेगडीत बाटलीभोवती ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि त्या पोकळीत जाळ पेटवायचा. ही भुशाची शेगडी महाराष्ट्रातील असंख्य घरांनी वापरली, कारण तेथे सरपण आणि रॉकेल दोन्ही महाग होते. लाकूड गिरण्यांच्या भुशापासून उष्णता आणि वीज निर्माण करणे हा आधुनिक हरित शोध म्हणून सांगितला जातो; तो दावा टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातील वाफेवरच्या गिरण्या आपल्याच भुशावर आणि ढलप्यांवर बॉयलर पेटवीत. तंत्र होतेच. ते वापरण्याची गरज कोणाला वाटली, हा खरा प्रश्न आहे.

२/ कॅनडातील ओटावा येथे ती वाटली नाही. शोदियेर धबधब्याचे पाणी तेथील करवती जवळजवळ फुकट फिरवी. मग भुसा जाळावा कशाला? जे. आर. बूथ आदी गिरणीमालक तो सरळ नदीत लोटत. तळाशी कुजणाऱ्या थरांतून मिथेन वायू निघे, कधी स्फोटही होत. १८७३ च्या कायद्याने नौकानयनाच्या नद्यांत भुसा टाकण्यास मनाई केली. परंतु ओटावाच्या धनाढ्य मालकांपुढे हा कायदा वर्षानुवर्षे मवाळच राहिला.

३/ त्यांना न्यायालयात खेचले ते आंत्वान रात्ते या होड्या भाड्याने देणाऱ्या माणसाने. भुशाने त्याचा धक्का वेढला होता, धंदा बुडत होता. त्याचा दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८९० मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. (भुसा मात्र त्यानंतरही नदीत पडत राहिला.) गिरणीमालकांची ती व्यवस्था कधीच फुकट नव्हती; बिल रात्तेच्या नावे फाडले जात होते, इतकेच. या इंधनाच्या इतिहासात म्हणूनच अभियंत्यांच्या आधी त्याचे नाव यायला हवे.

४/ विसाव्या शतकात अमेरिकेच्या वायव्य भागात नदीची जागा हवेने घेतली. शंकूच्या आकाराच्या अवाढव्य लोखंडी भट्ट्यांत भुसा नुसताच जाळला जाई. उष्णता आकाशात, धूर वस्तीत. वायुप्रदूषणाचे नियम, विशेषतः १९७० चा स्वच्छ हवा कायदा, कडक झाले तशा त्या भट्ट्या विझू लागल्या. पुढे १९७८ च्या ‘पर्पा’ कायद्याने वीज कंपन्यांना पात्र लहान उत्पादकांची वीज विकत घेणे बंधनकारक केले, आणि गिरणीच्या आवारातील बॉयलरला जनित्र जोडणे मालकांना एकाएकी परवडू लागले.